रक्तातला धातू कोणाच्या हाती?



रसायनशास्त्राचे आमचे सर आम्हाला प्रयोगशाळेत एक प्रयोग करायला लावत. तुमच्यापैकी अनेकांनी तो केला असेल. गावातल्या विहिरीचे पाणी आणायचे, साबणाला फेस येऊ न देणारे, पुस्तकातल्या भाषेत दुष्फेन. शंकुपात्रात ते मोजून घ्यायचे, त्यात अमोनियाचे बफर घालायचे आणि एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट सोडायची. पाणी द्राक्षाच्या रसासारखे लाल होते. मग वरच्या ब्युरेटमधून ईडीटीएचे द्रावण थेंब थेंब सोडायचे. बराच वेळ काही घडत नाही. मग लालात जांभळी छटा येते आणि पुढच्या एका थेंबाला सगळे पात्र स्वच्छ निळे होते. आम्ही पोरे ब्युरेटवरचा आकडा टिपायला धावायचो. सर हात वर करून थांबवत. "आकडा नंतर. आधी सांगा, धातू गेला कुठे?"

धातू कुठेच गेलेला नसतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्या पात्रातच असतात. आधी त्यांतला काही रंगाच्या रेणूने धरून ठेवलेला असतो, शेवटच्या थेंबाला तो ईडीटीएने काढून घेतलेला असतो. नुसता हात बदलला. पुढे नोकरीची सारी वर्षे मी हाच प्रश्न विचारत आलो. फरक इतकाच की माझे पात्र म्हणजे माणसाचे रक्त होते, आणि त्यात रंग बदलून सांगणारे कोणी नव्हते.

किरणोत्सारी ट्रेसर म्हणजे माग काढणारा अणू. शरीरातले एखादे प्रथिन कुठे जाते, किती काळ टिकते, कुठे गळते हे पाहायचे असेल तर त्याला किरणोत्सारी धातूचा अणू जोडायचा, ते शिरेतून सोडायचे आणि बाहेरून कॅमेऱ्याने किंवा गणकाने किरण मोजायचे. कल्पना साधी आहे. तिच्यातली अडचणही साधीच आहे, आणि म्हणूनच ती विसरली जाते. गणक प्रथिन मोजत नाही, धातू मोजतो. पडद्यावर जे चमकते ते प्रथिन आहे हे आपण धरून चालतो, आणि धातू व प्रथिनातला बंध टिकला आहे या एका विश्वासावर ते सगळे उभे असते. तो बंध तुटला तरी पडद्यावरचा प्रकाश तसाच राहतो. तो फक्त दुसऱ्याच कोणाचा असतो.

ही अडचण सुरुवातीला जाणवली नाही, याचे कारण वेळ. बॉस्टनमध्ये हर्मन ब्लूमगार्ट यांनी 1920 च्या दशकात रेडियमपासून मिळणारे किरणोत्सारी द्रव्य एका हाताच्या शिरेत टोचले आणि ते दुसऱ्या हातात किती सेकंदांनी पोचते हे मोजले. रक्ताचा वेग मोजायचा होता आणि काम सेकंदांचे होते. तो अणू रक्तात कोणाला चिकटला आहे याने काही बिघडत नव्हते. जॉर्ज द हेवेशी यांना ट्रेसरच्या पद्धतीसाठी 1943 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या शिशाच्या प्रयोगांत माग काढणारा अणू आणि ज्याचा माग काढायचा तो पदार्थ एकच मूलद्रव्य होते. तिथे फसगत व्हायला जागा नाही. प्रश्न उभा राहतो तो परका अणू प्रथिनाच्या अंगावर बसवून त्याला तासन्‌तास, दिवसेंदिवस रक्तात फिरवायचे ठरवल्यावर.

या वाटेवरचा मला सर्वांत आवडणारा धातू म्हणजे क्रोमियम. ग्रे आणि स्टर्लिंग यांनी 1950 मध्ये क्रोमियम-51 वापरून दाखवून दिले की एकाच धातूने रक्ताचे दोन वेगळे भाग खुणावता येतात. क्रोमेट म्हणून घातला तर तो तांबड्या पेशीच्या आत शिरतो. आत गेल्यावर त्याचा सहा संयुजेचा अवतार संपतो, तो तीन संयुजेचा होतो, हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिनला धरतो आणि तिथेच राहतो. तोच धातू सुरुवातीलाच तीन संयुजेचा, क्लोराइड म्हणून दिला तर पेशीच्या दारातून आत जात नाही. बाहेर रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटतो. आतडे प्रथिने गाळत असेल, म्हणजे खाल्लेले अंगी न लागता रक्तातली प्रथिने उलट आतड्यात झिरपत असतील, तर हा क्लोराइडचा मार्ग कामाला येई. शिरेतून क्रोमियम द्यायचे आणि पुढचे चार-पाच दिवस रुग्णाची विष्ठा गोळा करून मोजायची. क्रोमियम आतड्यातून पुन्हा रक्तात शोषले जात नाही. जेवढे बाहेर आले, तेवढे गळले. काम किळसवाणे वाटेल, पण अंगावर सूज घेऊन आलेल्या एखाद्या मुलाचे प्रथिन नेमके कुठे जाते आहे ते त्यातून कळायचे.

क्रोमियम इतके का टिकते? सर सांगत त्या भाषेत सांगतो. पाण्यात विरघळलेल्या धातूभोवती पाण्याचे रेणू कोंडाळे करून असतात. तांब्याभोवतीचा पाण्याचा रेणू एका सेकंदात अब्जावधी वेळा बदलतो. तीन संयुजेच्या क्रोमियमभोवतीचा बदलायला काही दिवस लागतात. धातूचा हा स्वभाव आहे, तो शक्तीचा प्रश्न नाही. तांब्याची पकड घट्ट असू शकते, पण ते चंचल आहे. क्रोमियम जिथे बसले तिथे बसते. रसायनशास्त्राच्या पुस्तकात स्थिरतांक म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो सांगतो की सगळे शांत झाल्यावर शेवटी धातू कोणाकडे राहील. तो शांतपणा यायला एक मिनिट लागेल की एक महिना, हे त्या आकड्यात नसते. रक्तात काम करणाऱ्याला हे दुसरे उत्तर पहिल्याइतकेच लागते, बहुतेक वेळा जास्त.

अर्थात क्रोमियमही अगदी अढळ नाही. तांबड्या पेशींतून ते रोज साधारण एक टक्का निसटते. म्हणून निरोगी माणसाच्या पेशी 120 दिवस जगत असल्या, तरी क्रोमियमने मोजलेला निम्मे होण्याचा काळ 60 दिवसांऐवजी 25 ते 35 दिवस येतो. रक्तपेढीतल्या जुन्या डॉक्टरांना हे पाठ असे. ही गळती ठाऊक होती, ठरलेली होती, म्हणून तिचा हिशेब ठेवता येत असे. गळती आहे याने प्रयोग बिघडत नाही. ती माहीतच नसेल तर मात्र बिघडतो.

आता रक्ताकडे वळू. रक्तद्रवात ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन असते. लोह वाहून नेणे हे त्याचे काम. एका रेणूत लोहाच्या दोन जागा, आणि निरोगी माणसात त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश रिकाम्या असतात. लोह आत बसताना कार्बोनेटचा एक आयन सोबतीला लागतो. कार्बोनेट नसेल तर दार घट्ट लागत नाही. गॅलियम आणि इंडियम हे धातू तीन संयुजेच्या लोहासारखेच वागतात, गॅलियमचा आकार तर जवळपास लोहाएवढाच आहे. त्यामुळे ट्रान्सफेरिन त्यांना आपलेच समजून आत घेते. अमेरिकेतल्या ओक रिजमध्ये 1969 च्या सुमारास एडवर्ड्स आणि हेज हाडांच्या चित्रासाठी गॅलियम-67 वापरून पाहत होते. हॉजकिनच्या आजाराच्या एका रुग्णात हाडांऐवजी लसिकाग्रंथी उजळल्या. गॅलियमची तपासणी त्यातून जन्मली. त्या चित्रांमागचा मोठा भाग ट्रान्सफेरिनचा आहे, हे पुढे उलगडले.

इथे एक हिशेब मांडतो, कारण तो केल्याशिवाय रक्ताची ताकद मनात ठसत नाही. पाच मिलिक्युरी इंडियम-111 घ्या. त्याचे अर्धायुष्य सुमारे 2.8 दिवस. त्यावरून हिशेब केला तर या इंडियमचे वजन 12 नॅनोग्रॅमच्या आसपास भरते, एका ग्रॅमच्या शंभर कोटी भागांतले बारा. आता माणसाचा रक्तद्रव तीन लिटर धरा, त्यात लिटरला अडीच ग्रॅम ट्रान्सफेरिन. त्यातल्या लोहाच्या रिकाम्या जागा मोजल्या तर इंडियमच्या एकेका अणूमागे दहा लाखांहून जास्त जागा येतात. आपण प्रतिपिंडासारख्या प्रथिनावर हळुवार बसवलेला तो एकटा अणू रक्तात उतरतो, आणि त्याच्याभोवती दहा लाख रिकामी घरे दारे उघडी ठेवून उभी असतात. एकदा बंध सैल झाला की तो परत आपल्या जागी येण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.

मी स्वतः कसा फसलो ते सांगतो. मी नवखा होतो. एका प्रतिपिंडाला इंडियम जोडण्याचे काम आमच्या गटाकडे होते. जोडणीसाठी डीटीपीए हा ईडीटीएचाच थोरला भाऊ वापरला होता. तपासणी ठरलेली होती: खुणावलेले प्रतिपिंड माणसाच्या रक्तरसात मिसळायचे, शरीराच्या तपमानाला, 37 अंशाला ठेवायचे, आणि दर काही तासांनी त्यातला एक थेंब पातळ पट्टीवर टाकायचा. पट्टीचे टोक द्रावणात बुडवले की मोकळा धातू द्रावणाबरोबर वर चढतो, प्रथिनाला चिकटलेला धातू थेंब टाकला तिथेच राहतो. पट्टीचे दोन तुकडे करून गणकात टाकायचे. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे खाली. दुसऱ्या दिवशीही खाली. तिसऱ्या दिवशीही. मी आनंदाने वहीत ओळी भरत गेलो आणि तिसऱ्या दिवशी वही आमच्या वरिष्ठ बाईंसमोर ठेवली.

त्यांनी वही वाचली आणि विचारले, "प्रथिनाला चिकटलेले आहे हे ठीक. कोणत्या प्रथिनाला?"

मला एकदम सर आठवले. धातू गेला कुठे?

पट्टी फक्त एवढे सांगत होती की धातू कुठल्या तरी प्रथिनाच्या हातात आहे. प्रतिपिंड पट्टीवर खाली राहते, ट्रान्सफेरिनही खालीच राहते. इंडियम एका हातातून दुसऱ्या हातात गेले असते तरी माझ्या वहीतला आकडा तोच आला असता. मग आम्ही जेलने भरलेला काचेचा लांब स्तंभ लावला. त्यातून मोठे रेणू आधी बाहेर पडतात, लहान नंतर. प्रतिपिंडाचा रेणुभार सुमारे दीड लाख, ट्रान्सफेरिनचा ऐंशी हजारांच्या आसपास. रात्रभर एकेक मिलिलिटर नळ्यांत गोळा केला. सकाळी आलेखात दोन डोंगर दिसले. दुसरा लहान होता. पण पहिल्या दिवसाच्या नमुन्यापेक्षा तिसऱ्या दिवसाच्या नमुन्यात तो स्पष्ट मोठा होता. माझे प्रतिपिंड रोज थोडे थोडे इंडियम हरवत होते आणि ट्रान्सफेरिन ते उचलत होते. त्या वहीतल्या ओळी मी खोडल्या नाहीत. त्यांच्यापुढे लाल शाईने एकच शब्द लिहिला: कोणते?

दोष धातूचा नव्हता, आमच्या जोडणीचा होता. खेकड्याच्या डेंग्यांवरून या पकडणाऱ्या रेणूंना कीलेट हे नाव मिळाले. डीटीपीए आठ जागी धातूला धरू शकते. आम्ही मात्र त्यातलाच एक हात प्रतिपिंडाला बांधण्यासाठी खर्च केला होता, म्हणजे एक डेंगा आधीच अडकवून खेकड्याला शिकार धरायला सांगितले होते. अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठात क्लॉड मिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकापासून याचे उत्तर शोधले. प्रथिनाला बांधायची दोरी हातांना न बांधता रेणूच्या पाठीच्या कण्याला, म्हणजे कार्बनच्या साखळीला बांधायची. मग सगळे हात धातूसाठी मोकळे राहतात. रसायनशास्त्रात इतके सुंदर उत्तर मी फार थोड्या वेळा पाहिले आहे.

तांब्याने मात्र यालाही दाद दिली नाही. तांबे चंचल, हे मघाशी सांगितलेच. शिवाय रक्तात तांब्याला बोलावणारे वेगळेच प्रथिन आहे: अल्ब्युमिन, रक्तद्रवात सर्वांत भरपूर असलेले. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला तांब्यासाठी जणू तयार बैठक असते. उघड्या साखळीचे कीलेट रक्तरसात ठेवले की तांबे त्या बैठकीकडे जाते. डेव्हिसच्या मंडळींनी मग वर्तुळाकार रेणू वापरला, टेटा. साखळी उघडी असली की एकेक हात आळीपाळीने सुटत जातो आणि धातू निसटतो. वर्तुळात अडकलेल्या धातूला बाहेर पडायला सगळे हात एकदम सुटावे लागतात. रक्तरसात टेटा उत्तम टिकले. प्रश्न सुटला असेच सर्वांना वाटले.

मग सेंट लुईसमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांचे यकृत तपासले. टेटामध्ये नीट बसवलेले तांबे-64 यकृतात जाऊन सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या विकरात बसलेले सापडले. रक्तात जो बंध तुटत नव्हता तो यकृताच्या पेशीत तुटला. त्यानंतर तांब्यासाठी आणखी बंदिस्त पिंजरे बांधले गेले आणि ते काम अजून चालू आहे. रक्तरसाने दिलेली साक्ष रक्तापुरती असते, हे मात्र तेव्हा कायमचे कळले.

चित्रापुरता प्रश्न असता तर मी आज इतका वेळ घेतला नसता. यिट्रियम-90 घ्या. त्याचा बीटा किरण गाठी नष्ट करण्यासाठी वापरतात. बंध सुटलेले यिट्रियम हाडांकडे जाते, आणि त्याला लागूनच अस्थिमज्जा असते, जिथे रक्त तयार होते. ट्यूमरवर उपचार करायला गेलेला अणू रुग्णाचे रक्त बनवण्याचे ठिकाणच जाळू लागतो. त्यात यिट्रियम-90 चे चित्र नीट घेता येत नाही, म्हणून त्याच्या जागी इंडियम घालून आधी चित्र घेत. अमेरिकेत 2002 मध्ये मान्यता मिळालेल्या इब्रिटुमोमॅब ट्यूक्सेटन या औषधाबरोबर अशी इंडियमची पहिली फेरी बंधनकारक होती. पुढे ती अट काढण्यात आली. पण इंडियम आणि यिट्रियम दोन वेगळे धातू आहेत. एकाच डेंग्यात दोघे सारखेच टिकतील असे धरणे म्हणजे एका भावाचा नाडीचा ठोका पाहून दुसऱ्याचा ताप ओळखणे. कोणत्याही ट्रेसरचा अहवाल हातात आला की मी आधी हे पाहतो: ज्या धातूवर मोजले, त्याच धातूबद्दल लिहिले आहे ना?

आपल्या मुंबईचा या कथेत हक्काचा वाटा आहे. तुर्भे येथे अप्सरा अणुभट्टी 4 ऑगस्ट 1956 रोजी सुरू झाली. परळला किरणोत्सार वैद्यक केंद्र 1963 पासून रुग्ण तपासू लागले. टेक्नेशियम-99 एम वेगळे करण्यासाठी आपल्याकडे मिथाइल इथाइल कीटोनची पद्धत वर्षानुवर्षे चालली. पहाटे मॉलिब्डेनमच्या अल्कली द्रावणात कीटोन घालून हलवायचे, टेक्नेशियम वरच्या थरात येते, तो थर काढून कीटोन उडवून द्यायचा आणि मागे उरलेले मिठाच्या पाण्यात घ्यायचे. सहा तासांचे अर्धायुष्य असलेला अणू सकाळी निघतो तो दुपारपर्यंत रुग्णाच्या शिरेत पोचायला हवा. हृदयाचे चित्र घेण्यासाठी तो तांबड्या पेशींत बसवतात. आधी रुग्णाला कथिलाचे औषध देतात, वीस-तीस मिनिटे थांबतात, मग टेक्नेशियम. कथिल पेशीत वाट पाहत असते. टेक्नेशियम आत येताच ते त्याची संयुजा उतरवते आणि तो हिमोग्लोबिनला धरून बसतो. क्रोमियमचीच युक्ती, दुसऱ्या धातूवर. त्या वीस मिनिटांत घाई केली किंवा औषधाच्या नळीत हेपारीन राहिले, तर टेक्नेशियम पेशीबाहेर राहते आणि हृदयाच्या चित्रात पोट चमकते.

शेवटचा धातू झिर्कोनियम-89, प्रतिपिंडांसाठी आजचा लाडका. 78 तासांचे अर्धायुष्य, म्हणजे प्रतिपिंडाच्या संथ चालीला साजेसे. त्याला धरायला डेस्फेरीऑक्सामीन वापरतात. हे नाव इथे बसलेल्या काही घरांना चांगले परिचित असेल. थॅलेसेमियाच्या मुलांना सतत रक्त द्यावे लागते, अंगात लोह साचते, आणि ते काढण्यासाठी रात्री पोटाच्या कातडीखाली सुई लावून छोट्या पंपाने जे औषध तासन्‌तास देतात ते हेच. मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूने लोह गोळा करण्यासाठी बनवलेला हा रेणू. त्याला लोह आवडते. ते सहा हातांनी धरले जाते. झिर्कोनियमला आठ हात लागतात. दोन कमी पडतात, आणि उंदरांत काही झिर्कोनियम सुटून हाडांत जाताना दिसते. म्हणून आता आठ हातांचे नवे रेणू बनवले जात आहेत.

सर वर्गात येत तेव्हा त्यांच्या धोतराच्या काठावर नेहमी कुठल्या तरी क्षाराचा डाग असे. त्यांनी कधी किरणोत्सारी धातू हाताळला नाही. पण कोणतेही उत्तर दिले की ते पुढचा प्रश्न विचारत, आणि मला हे काम त्यानेच शिकवले. माझी इथल्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. ट्रेसरच्या स्थिरतेची टक्केवारी लिहाल तेव्हा त्यापुढे तीन गोष्टी लिहा: कोणत्या प्रथिनावर, कोणत्या द्रवात, किती तासांनी. या तीन गोष्टी नसतील तर तो आकडा छापू नका.

आणि घरी जाणाऱ्या सर्वांना एक विनंती. तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला कधी गॅलियम-67 ची तपासणी सांगितली, तर अलीकडे रक्त दिले गेले आहे का, लोहाचे इंजेक्शन झाले आहे का, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लोहाने ट्रान्सफेरिनच्या जागा आधीच भरल्या असतील तर गॅलियमला बसायला जागा मिळत नाही. ते मूत्रपिंडाकडे आणि हाडांकडे वळते आणि चित्र वेगळेच येते.